पाणी कोणी घातलं

८ सप्टेंबर, सोमवार

आई नदीत उतरणार आहे! एक्याऐंशी वर्षांची बाई, हृदयाचं पंपिंग निम्म्यावर आलेलं, चार पायऱ्या चढल्या की भिंतीला टेकते — आणि ही प्रवरेत बुडी मारून नवा बाप्तिस्मा घेणार. लाजरसने फोनवर असं सांगितलं जणू आईला नवं लुगडं घ्यायचंय. "अक्का, आईनं सोता व्हय म्हनलंय. आमच्या फेलोशिपचे पास्टर येनार हायेत. एकवीस तारखेला. तू बी ये."

मी बी ये! बावीस वर्षं मी सावेडीच्या चर्चमध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग घेते. बाप्तिस्मा एकदाच, पुन्हा नाही — हे सात-सात वर्षांच्या पोरांकडून घोकून घेतलंय. आणि आता माझीच आई, माझाच भाऊ! लाजरस चर्च सोडून फेलोशिपमध्ये, त्या नव्या प्रार्थनामंडळात गेला तेव्हा मी गप्प बसले. तो त्याचा प्रश्न होता. आई त्याच्याकडे बेलापूरला राहते म्हणून आईही त्याचीच झाली की काय?

ह्यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "म्हातारीची हौस आहे, होऊ दे." हौस!

९ सप्टेंबर

झोप नाही. भाजी करपली.

११ सप्टेंबर

फादर विल्सननी मिस्सेच्या उपासनेनंतर थांबवून घेतलं. मोठ्या माणसांसाठी शनिवारचा वर्ग सुरू करायचाय — पहिल्या चार-पाच शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांनी आपल्याला काय दिलं, त्यातलं आजच्या चर्चमध्ये काय टिकून आहे. "पुष्पाबाई, तुम्हीच घ्या." हातात झेरॉक्सचा गठ्ठा ठेवला.

नावं वाचूनच घाम फुटला. ग्रीक, लॅटिन, एकेक नाव हातभर. शेवटी आपली पद्धत लावली — गावावरून आडनावं! यरुशलेमचे बिशप ते यरुशलेमकर. कार्थेजचे दोघे आहेत. वकिलासारखं भांडतात ते थोरले कार्थेजकर, नंतरचे बिशप ते धाकटे कार्थेजकर. हिप्पो गावचे हिप्पोकर. आता कशी शेजारपाजारची माणसं वाटतात. फादर हसले, पण वर्गात असं म्हणू नका म्हणाले. म्हणणारच!

खरं सांगायचं तर वर्गाचं मला काही पडलेलं नाही. या गठ्ठ्यात लाजरसचं तोंड बंद करणारं काहीतरी असणार, एवढंच डोक्यात आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

नऊ जण आले. बरे आले.

दुसऱ्या शतकातल्या एका हुतात्म्याचं वाचून दाखवलं. ख्रिस्ती लोक रविवारी करतात तरी काय, हे त्याने रोमच्या बादशहाला कळवलंय. एकत्र जमतो, वाचन होतं, मग उपदेश, मग प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांना घरी पोच करतो. बिभीषणराव — एसटीतले रिटायर्ड कंडक्टर — उठूनच उभे राहिले. "अहो बाई, ही तर आपली साडेसातची मिस्सा!" खरंच की. आपल्या सिस्टर स्कूटीवर बसून केडगावच्या आजाऱ्यांना परमप्रसाद देऊन येतात, ते काम साडेअठराशे वर्षं चालू आहे.

यरुशलेमकरांचं तर वाचून मीच चाट पडले. परमप्रसाद घेताना डावा तळहात उजव्याखाली धरा, राजा बसणार आहे असं समजून. पोरांना दर वर्षी मी हेच शिकवते! मला वाटायचं आमच्या जुन्या सिस्टरांनी कुठूनतरी काढलं असेल.

दोन तास आईची आठवण झाली नाही. घरी आल्यावर झाली.

१५ सप्टेंबर

थोरले कार्थेजकर. माणूस तिखट आहे, मला आवडला. लिहितो की आम्ही घरात शिरताना, बाहेर पडताना, वहाणा घालताना, जेवायला बसताना, दिवा लावताना कपाळावर क्रूसाची खूण करतो.

ही तर आई! गॅस पेटवायच्या आधी कपाळावर अंगठ्याने क्रूस. चप्पल घालताना क्रूस. एसटीत चढताना एक पाय पायरीवर आणि क्रूस. मागची माणसं ओरडतात. तिसरी शिकलेली माझी आई. तिने कुठलं कार्थेज पाहिलंय? तिला सासूने शिकवलं, सासूला गोऱ्या फादरांनी, त्यांना त्यांच्या आईने. आणि ही बाई म्हणणार की माझा बाप्तिस्मा पुन्हा करा? वाचता वाचता रडूच आलं.

पुढचं पान उलटलं आणि डोकं फिरलं. हाच माणूस म्हणतो, लहानग्यांना कशाला घाई, मोठी होऊ देत, कळू दे. अगदी लाजरसचं बोलणं! आणि वर — अडीनडीला साधा विश्वासू माणूसही पाणी घालू शकतो, पण बायकांनी मात्र धजू नये. का हो? समासात पेन्सिलीने लिहिलं: आगाऊ.

१७ सप्टेंबर

बेलापूरला जाऊन आले. भांडणच झालं.

लाजरस म्हणतो, "लेकराला काय कळतंय अक्का? आधी इस्वास, मंग बाप्तिस्मा." मी म्हटलं, आईने तुला दूध पाजलं तेव्हा तुझा विश्वास विचारला होता का? तो म्हणाला, "तू मास्तरीनबाई, तुज्याशी कोन बोलनार." मग मी यरुशलेम, कार्थेज सगळं काढलं. पाणी एकदाच. त्याची खूण पुसत नाही. आणि आईच्या बाप्तिस्म्याचा कागद खोटा ठरवायचा म्हणजे बाबांचा अपमान आहे. बाबा जन्मभर गावोगाव फिरून प्रार्थना घ्यायचे, चर्चचे मास्तर म्हणून पंचक्रोशीत नाव. त्यांच्या बायकोने नदीत जायचं?

आई लसूण सोलत होती. मध्येच म्हणायची, "चहा टाकू का?"

"आई, तू खरंच जाणार आहेस?"

"व्हय. जायचंय मला."

मग मी तिलाही अर्धा तास सुनावलं. हिप्पोचं, रोमचं. ती माझ्याकडे बघत होती. लसूण संपला तरी बघत होती. निघताना म्हणाली, "आवाज बसला तुजा. गरम पानी पी."

२० सप्टेंबर, शनिवार

सापडलं!! धाकटे कार्थेजकर. ख्रिस्तसभेबाहेर जाऊन घेतलेलं पाणी ते पाणीच नव्हे. स्पष्ट. सहीशिक्क्यासारखं. वर्ग सुटल्यावर तो कागद घेऊन धावतच फादरांकडे गेले.

फादरांनी मान हलवली. "ते संत होते, हुतात्मा झाले. पण या बाबतीत ख्रिस्तसभेने त्यांचं ऐकलं नाही. रोमचे बिशप म्हणाले, बाहेर दिलेलं पाणीही खरं, परत घालू नका. शेवटी तेच टिकलं."

"मग संत असून चुकले?"

"चुकले. त्यांच्यावर प्रेम करायला ते आड येत नाही."

म्हणजे लाजरसच्या पास्टरांचं पाणीही खरंच! हातातलं शस्त्र गेलं. आता एकच मुद्दा उरला — आईचं पाणी आधीच झालंय. तो मुद्दा तिला सांगून झालाय आणि तिच्यावर काडीचा परिणाम नाही. उद्या एकवीस. सकाळपासून पाऊस.

२१ सप्टेंबर

लाजरसचा फोन. नदीला पाणी वाढलं, पुढे ढकललं. दिवाळीनंतर बघू.

मी मोठ्याने "देवा, तुझे आभार" म्हटलं. ह्यांनी चमकून पाहिलं.

२८ सप्टेंबर

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. टीव्हीवर पाण्यात आडवं झालेलं सोयाबीन, वाहून गेलेल्या गाई. आणि आठ दिवसांपूर्वी मी नदी फुगली म्हणून आभार मानले होते! मिस्सेत परमप्रसादाला गेले नाही. बाकावर बसून राहिले.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज हिप्पोकर. त्यांच्या काळी मोठं भांडण होतं — छळ झाला तेव्हा घाबरून धर्मग्रंथ शत्रूच्या हातात देणाऱ्या बिशपांकडून आलेले संस्कार खरे की खोटे? हिप्पोकर सांगतात, देणारा साधू असो की दारुडा, खरा देणारा ख्रिस्तच. हात बघू नका. वर्ग चांगला रंगला. आजही फादर कसेही असोत, मिस्सा खरीच असते, हे कुठून आलं ते लोकांना कळलं.

मग मी माझी गोष्ट सांगितली. दर वर्षी सांगते. मी सातव्या महिन्यात झाले, जगेन असं कोणाला वाटत नव्हतं. फादर दूर. तेव्हा बाबांनी स्वतः माझ्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला. गावाकडच्या चर्चच्या वहीत तसं लिहिलंय: 'धोक्याच्या वेळी, मास्तरांच्या हस्ते.' मी बरी झाल्यावर फादरांनी फक्त तेल लावलं, मेणबत्ती दिली. मास्तरांच्या हस्ते! हे सांगताना माझी मान थोडी ताठ होते, मला माहीत आहे.

बिभीषणराव म्हणाले, "पण बाई, आत्ताच तुम्ही सांगितलं हात बघू नका. मग वडलांनी घातलं काय नि आणखी कोणी घातलं काय, सारखंच की!"

सगळे हसले. मीही हसले. पण मला ते आवडलं नाही.

९ ऑक्टोबर

बेलापूर. लाजरस शेतावर, वहिनी दवाखान्यात. घरात आई आणि मीच. माझे सगळे कार्थेजकर संपले होते. सांगायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून नुसतं विचारलं, "आई, का गं जायचंय तुला नदीत?"

महिनाभरात हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"तू सातव्यात झालीस. मुठीयेवढी. बहात्तर साल, दुष्काळ. तुजा बाप दूर वस्तीवर प्रार्थना घ्यायला गेल्ता, फादर कुटं ते कुनाला ठावं न्हाई. घरात मी आन् शेजारची जहिरा. तू निळी पडाया लागली. मला उठता येईना, रगत थांबंना. म्या जहिराला म्हनलं, तांब्या घे, हिच्या डोक्यावर वत, आन् मी सांगते तसं म्हन. मंग मला सुद न्हाई ऱ्हायली. डोळं उघडलं तवा तू रडत हुती."

"आणि बाबा?"

"दुसऱ्या दिशी आला. चर्चचा मास्तर तो. लोकं काय म्हनतील — मास्तरच्या लेकीला मुसलमानाच्या बाईनं पानी घातलं! फादरांला सांगितलं, म्याच घातलं. वहीत तसं लिवलं. मी गप ऱ्हायले. त्रेपन्न वर्सं गप ऱ्हायले, पुष्पे. देवाच्या वहीत खोटं. आता वर जायची येळ आली. लाजरस म्हनला, बुडी मारली की समदं धुतलं जातं. म्हनून."

आणि मी या बाईला हिप्पोचं, रोमचं ऐकवत होते.

१० ऑक्टोबर

दिवसभर घरात येरझाऱ्या. ह्यांनी विचारलं काय झालं, सांगितलं नाही.

काल आई रडत होती तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं? तिची दया? नाही. आलं ते हे, की माझी गोष्ट गेली. मास्तरांच्या हस्ते — गेलं. बावीस वर्षं मिरवलेलं गेलं. आणि बाबांचा राग आला, मग जहिरामावशीचाही आला, जिने मला वाचवलं! तिच्या घरची खीर खाऊन मी वाढले. लाज वाटते लिहायला. पण वहीत खोटं लिहून काय होतं ते कालच पाहिलंय.

आणि भीती. ते पाणी चालतं का? नाही चाललं तर मी कोण?

१२ ऑक्टोबर, रविवार

फादरांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"पाणी, ठरलेले शब्द, आणि ख्रिस्तसभा जे करते तेच करायची इच्छा. एवढं असलं की हात कोणाचाही चालतो. मुसलमान बाईचाही. हिप्पोकरांना याची खात्री देता आली नव्हती, पण त्यांनीच दाखवलेल्या वाटेने ख्रिस्तसभा पुढे गेली आणि हे ठरवलं." फादरही आता हिप्पोकर म्हणतात! "तुमचा बाप्तिस्मा पक्का आहे, पुष्पाबाई. आणि आईंना नदी नको. त्यांना पापनिवेदन हवंय — माझ्यापुढे कबुली, मग देवाची क्षमा."

इतकं साधं. मी खुर्चीत बसूनच होते. त्यांनी पाणी आणून दिलं.

१४ ऑक्टोबर

फादर माझ्याबरोबर बेलापूरला आले. आतल्या खोलीत आई आणि ते, दार लोटलेलं. बाहेर पडवीत मी आणि लाजरस. त्याला सगळं सांगितलं. तो बुटाने माती उकरत होता. "म्या बी तिला कदी इचारलं न्हाई, का म्हनून. मला वाटलं माजंच पटलं तिला."

"मलाही वाटलं, तुझंच पटलं."

दोघंही हसलो. किती वर्षांनी!

आई बाहेर आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा होता. "लाजऱ्या, नदी ऱ्हाऊ दे आता." तो बरं म्हणाला. पास्टरांना काय सांगणार, विचारलं नाही. मी जिंकले होते म्हणे. तसं काहीच वाटलं नाही, फक्त भूक लागली. वहिनीने पिठलं-भाकरी केली, फादरांनी तीन भाकरी खाल्ल्या.

जाताना फादर म्हणाले, गावाकडच्या वहीत दुरुस्ती करायला हवी. जहिरामावशी हयात आहे, नातू फैयाजकडे, इथेच बेलापुरात. तिचा लेखी जबाब घ्यायचा, खाली अंगठा. तिथल्या फादरांकडे ते पाठवतील.

१८ ऑक्टोबर, शनिवार

शेवटचा वर्ग. आज नवी गोष्ट सांगितली. मला एका मुसलमान शेजारणीने पाणी घातलं, आणि ते पाणी पक्कं आहे! थोरल्या कार्थेजकरांनी बायकांना मनाई केली होती, त्यांना म्हणावं बघा! बिभीषणरावांनी टाळ्या वाजवल्या. माझी मान पुन्हा ताठ. ही गोष्ट पहिल्यापेक्षा चांगली आहे, असंही मनात आलं.

२० ऑक्टोबर

आईचा फोन. झोप लागते म्हणाली. "आडवी झाले की लागते. सपान बी पडत न्हाई."

२४ ऑक्टोबर

जहिरामावशी दारात शेंगा फोडत बसली होती. मला लगेच ओळखलं. फादरांनी दिलेला कागद वाचून दाखवला — पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते असं म्हणून पाणी घातलं. शाईचं पॅड काढलं. ती हसायलाच लागली.

"ते तुमचं मला कुटं येतंय गं बेटा? तुजी आई सांगाया लागली आन् बेसुद झाली. तू निळी. म्या बिस्मिल्ला म्हनले आन् पानी वतलं. लई रडली तू!" माझ्या तोंडावरून हात फिरवला, दोन्ही हातांनी.

अंगठा घेतला नाही. आईला आत्ता कुठे झोप लागतेय, तिला काय सांगू?

स्टँडवरूनच फादरांना फोन लावला. म्हटलं, एक बाप्तिस्मा द्यायचाय. ते खूश झाले. "वा! बाळाचं वय काय?"

दोनदा हॅलो म्हणाले. मग म्हटलं, त्रेपन्न.